शून्यापासून वर: हिमशिखरे, विरळ हवा आणि परतीची वेळ

एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे नेपाळ आणि चीन यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संयुक्तपणे जाहीर केले. त्याआधी आपण शाळेत पाठ केलेला ८,८४८ मीटर हा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५० च्या दशकातील मोजणीतून काढला होता. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८५६ मध्ये, याच खात्याने २९,००२ फूट हा आकडा प्रसिद्ध केला होता. आकडा बदलत गेला, पण त्याच्यामागचा एक शब्द कधी बदलला नाही, ‘समुद्रसपाटीपासून’.

ही समुद्रसपाटी कुठली? समुद्र तर दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, अमावास्या-पौर्णिमेला उधाणतो, पावसाळ्यात बांधावर येतो. म्हणून बंदरात भरतीमापक यंत्रे बसवून वर्षानुवर्षे पाण्याची पातळी नोंदवतात आणि तिची सरासरी काढतात. भारतातील उंचीमोजणीचा जो पाया १९०९ मध्ये निश्चित झाला, त्यासाठी नऊ बंदरांतील नोंदी धरल्या होत्या. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंट. यांतील मुंबई आणि कारवार या दोन बंदरांच्या दरम्यान आपला मालवणचा किनारा येतो. आपण शब्दशः शून्यावर राहणारी माणसे आहोत.

याच शून्यामुळे आपल्याकडे एक समजूत पक्की झाली आहे. किनाऱ्यावरचा एखादा मुलगा किंवा मुलगी हिमालयात गिर्यारोहणाचे शिक्षण घ्यायला निघाली, की घरातले कोणीतरी हमखास म्हणते, “आमी दर्यावरची माणसा, आमका ती हवा झेपाची नाय.” दुसऱ्या बाजूला, रोज पोहणारे आणि व्यायाम करणारे तरुण म्हणतात की दम चांगला असला की झाले, उंचीचे काय घेऊन बसलात! मी स्वतः गिर्यारोहक नाही. मोहिमांचे अहवाल, गिर्यारोहकांची आत्मकथने आणि उंचीवरच्या वैद्यकशास्त्राचे लेखन मी गेली अनेक वर्षे आवडीने वाचत आलो. त्या वाचनातून एवढे नक्की समजले की या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर जीवघेणी आहे. हिमशिखरावर जन्मगाव आड येत नाही आणि नुसती ताकदही कामाला येत नाही. तिथे हिशेब असतो तो हवेच्या दाबाचा आणि वेळेचा. तो हिशेब काय आहे, ते या लेखात पाहू.

हवेचे वजन

हवेला वजन असते हे सतराव्या शतकात सिद्ध झाले. इटलीतील टोरिचेली याने पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब मोजण्याची युक्ती काढली. १८ व्या शतकाची वाट न पाहता, १६४८ मध्येच, फ्रान्समधील पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हा ती नळी घेऊन प्यूय-द-दोम नावाच्या डोंगरावर चढला. वर गेल्यावर नळीतला पारा जवळपास तीन इंच खाली आला. डोक्यावरची हवा कमी झाली, म्हणून तिचे वजन कमी झाले.

आपल्याकडे ही गोष्ट समजायला डोंगराची गरज नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मालवणात कितीतरी तरुण पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचे काम करतात. त्यांना ठाऊक असते की दहा मीटर खोल गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. पाणी जड असल्यामुळे दहा मीटरमध्येच हा फरक पडतो. हवा हलकी आहे, त्यामुळे उलट दिशेला तोच फरक पडायला, म्हणजे दाब निम्मा व्हायला, सुमारे साडेपाच हजार मीटर वर जावे लागते. समुद्रकाठी पाऱ्याची उंची ७६० मिलिमीटर असते. साडेपाच हजार मीटरवर ती ३८० च्या आसपास येते. एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष दाब पहिल्यांदा मोजला गेला तो १९८१ च्या अमेरिकी वैद्यकीय संशोधन मोहिमेत. तो भरला २५३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या दाराशी असतो त्याच्या बरोबर एक-तृतीयांश.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो, पण हवेतले त्याचे प्रमाण मालवणात आणि एव्हरेस्टवर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो दाब. प्राणवायू फुप्फुसातून रक्तात जातो तो दाबामुळे. दाब कमी झाला की तितकाच मोठा श्वास घेऊनही रक्तात कमी प्राणवायू उतरतो. स्वयंपाकघरातही याचा पुरावा मिळतो. दाब कमी असला की पाणी लवकर उकळते, पण कमी तापमानाला. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवर ते ८२-८३ अंशांनाच उकळू लागते. आपल्या उकड्या तांदळाची पेज तिथे तासन् तास ठेवली तरी नीट शिजणार नाही. त्यामुळे मोहिमांच्या सामानात प्रेशर कुकर असतोच.

आता जन्मगावाचा प्रश्न. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथला हवेचा दाब आपल्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. तिथेही समुद्रकाठच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक दाब असतो. उंचीचा त्रास बहुतेकांना जाणवू लागतो तो अडीच हजार मीटरच्या पुढे. म्हणजे मालवणचा, पुण्याचा आणि साताऱ्याचा माणूस हिमालयाच्या पायथ्याशी जवळजवळ एकाच पातळीवर उभा असतो. खरा फरक आहे तो तिबेटी आणि शेर्पा लोकांचा. त्यांच्या हजारो वर्षांच्या वास्तव्यामुळे त्यांच्या जनुकांतच विरळ हवेला अनुकूल बदल झाले आहेत, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. बाकी आपण सगळे सखल भागातलेच.

एकच उंची, दोन शेवट

१५ एप्रिल १८७५ रोजी फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तिघे जण आकाशात गेले. काही तासांतच ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले. त्यांच्याजवळ प्राणवायूने भरलेल्या पिशव्या होत्या. पण हात उचलून नळी तोंडाला लावण्याचे त्राणही उरण्याआधी ते बेशुद्ध झाले. बलून आपोआप खाली आले तेव्हा क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मरण पावले होते. तिसरा तिसांदिए वाचला.

याच्या १०३ वर्षांनंतर, ८ मे १९७८ रोजी, राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ती उंची बलूनने गाठलेल्या उंचीपेक्षाही थोडी जास्त. त्यांनी प्राणवायूचे सिलिंडर वापरले नाहीत. ते स्वतःच्या पायांनी वर गेले आणि परतही आले.

उंची तीच, हवा तीच. मग एकीकडे मृत्यू आणि दुसरीकडे शिखर कसे? बलूनमधली माणसे काही तासांत तिथे पोहोचली होती, मेसनर आणि हाबेलर कित्येक आठवड्यांनी. मधल्या काळात त्यांच्या शरीरांनी आपले काम केले होते.

हे काम टप्प्याटप्प्याने होते. उंचीवर गेल्यावर पहिल्या काही तासांतच श्वास जलद आणि खोल होतो. जलद श्वासाने शरीरातला कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर जातो आणि रक्तातली आम्लता बिघडते, म्हणून मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालू पाहतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती लघवीवाटे क्षार बाहेर टाकून रक्ताचा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. त्यानंतर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू लागतात, त्याला आठवडे लागतात. डॉक्टर कधी कधी अॅसिटाझोलामाइड ही गोळी देतात. ती मूत्रपिंडांचे काम थोडे लवकर उरकून देते, पण टाळू देत नाही. आणि माणूस कितीही तगडा असला, तरी त्याची मूत्रपिंडे दुसऱ्याच्या मूत्रपिंडांपेक्षा भराभर काम करतील याची खात्री नाही. पहिलवानाला त्रास होतो आणि त्याच्या सोबतच्या किडकिडीत माणसाला होत नाही, असे वारंवार दिसते.

म्हणूनच मोहिमेत ‘उंच चढा, खाली झोपा’ हा नियम असतो. बेस कॅम्पवरून पहिल्या कॅम्पपर्यंत सामान पोहोचवायचे आणि परत खाली यायचे. मग पहिल्या कॅम्पवर एक रात्र काढून परत यायचे. मग दुसऱ्या कॅम्पपर्यंत. नकाशावर पाहणाऱ्याला वाटते ही माणसे महिनाभर तोच डोंगर वरखाली करीत आहेत. तो महिना शरीराला दिलेला असतो.

सैनिकांनी मोजलेली किंमत

हा धडा भारताला फार महागात मिळाला. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातल्या सैनिकांना घाईघाईने हिमालयाच्या उंच चौक्यांवर पोहोचवावे लागले. तिथे गोळी न लागता अनेक जण आजारी पडले, काही दगावले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात १,९२५ सैनिकांची निरीक्षणे आहेत. उंचीवरच्या आजारांविषयीच्या जागतिक ज्ञानात या अभ्यासाला आजही मानाचे स्थान आहे.

या आजाराची तीन रूपे आहेत. पहिले साधे. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे. तिथेच थांबून विश्रांती घेतली तर ते बहुधा एक-दोन दिवसांत जाते. दुसरे फुप्फुसात पाणी होणे. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, आणि पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. तिसरे मेंदूला सूज येणे. माणूस बडबडतो, चालताना झोकांड्या खातो, सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालू शकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात प्राणवायू, औषधे यांचा उपयोग होतो, पण खरा इलाज एकच, ताबडतोब खाली आणणे. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. काही शे मीटर खाली उतरल्यावरही माणूस शुद्धीवर येतो, हे पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा असे असते.

हे फक्त गिर्यारोहकांसाठी नाही. मुंबईहून विमानाने लेहला जाणारा पर्यटक समुद्रसपाटीवरून काही तासांत साडेतीन हजार मीटरवर उतरतो. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. गौरीकुंडापासून चालत जाणारा भाविक एका दिवसात सोळाशे मीटर चढतो, हेलिकॉप्टरने जाणारा काही मिनिटांत. यांत साठी ओलांडलेले आई-वडील असतात, आणि डोके दुखले तर ‘चहा घ्या, बरे वाटेल’ एवढाच उपाय असतो. डॉक्टरांची सर्वसाधारण शिफारस अशी आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम वाढवावा. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसते पडून राहणे हा आळस नव्हे, तो औषधाचाच भाग आहे.

वाहता बर्फ

उंचीच्या जोडीला हिमशिखरावर दुसरे प्रकरण असते ते हिमनदीचे. वर्षानुवर्षे पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने दाबला जाऊन घट्ट होतो आणि उतारावरून हळूहळू सरकू लागतो. तळाचा बर्फ वाकतो, पण वरचा थर ठिसूळ राहतो. उतार बदलला, वळण आले, की तो थर चिरतो. या चिरा म्हणजे हिमभेगा. काही हातभर रुंद, काही घराएवढ्या, आणि खोली दिसतच नाही अशा. त्यांवर ताजा बर्फ पडून पातळ पूल तयार होतो आणि भेग झाकली जाते. वरून दिसते ते सपाट पांढरे पटांगण.

म्हणून हिमनदीवर एकट्याने चालत नाहीत. तिघे-चौघे एका दोराला बांधून, मध्ये अंतर ठेवून चालतात. पुढचा काठीने बर्फ चाचपतो. एक भेगेत गेला तर बाकीचे आइस अॅक्स रोवून त्याला धरतात आणि मग दोर व कप्प्यांच्या मदतीने वर काढतात. चालायचे ते मध्यरात्रीनंतर, कारण थंडीने पूल घट्ट असतात. ऊन चढले की ते मऊ पडतात आणि वर लटकलेले बर्फाचे कडे सुटू लागतात. बुटाखाली दातेरी क्रॅम्पॉन, कमरेला हार्नेस, आणि तीव्र उतारावर आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर सरकणारा, पण मागे न घसरणारा जुमार.

हा दोर कोण बांधतो? हिमालयातील बहुतेक मोठ्या मोहिमांत शेर्पा. एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूला खुंबू हिमप्रपात आहे. तिथला बर्फ दिवसाला सुमारे मीटरभर सरकतो, त्यामुळे आज लावलेली शिडी आठवड्याने वाकडी होते आणि पुन्हा लावावी लागते. १८ एप्रिल २०१४ रोजी या हिमप्रपातावर वरून बर्फाचा कडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार ठार झाले. ते दुसऱ्यांसाठी वाट तयार करीत होते, सामान वाहत होते. शिखरावरच्या छायाचित्रात हसणाऱ्या चेहऱ्याची मोजदाद करताना ही माणसे विसरता येत नाहीत.

मराठी मोहिमांची शिडी

महाराष्ट्रातले गिर्यारोहण सह्याद्रीच्या कड्यांवर वाढले. तिथे दगड आहे, बर्फ नाही. त्यामुळे आठ हजार मीटरची शिखरे गाठायला आपल्या माणसांना पिढ्यांची तयारी करावी लागली. १९८८ मध्ये वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मराठी तरुणांची मोहीम कांचनजंगा या ८,५८६ मीटर उंचीच्या, जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर गेली. शिखर मिळाले नाही आणि एक सहकारी गमवावा लागला. दहा वर्षांनी, मे १९९८ मध्ये, हृषिकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. हा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले नागरी गिर्यारोहक. २००९ मध्ये एकोणीस वर्षांची कृष्णा पाटील एव्हरेस्टवर गेली.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्ट मोहीम काढली. एकाच मोहिमेतून अनेक जण शिखरावर पोहोचले, पण त्याच मोहिमेत एक साथी पक्षाघाताने आजारी पडला आणि दगावला. घट्ट झालेले रक्त, थंडी आणि शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे उंचीवर असा धोका वाढतो. संस्था थांबली नाही. २०१३ मध्ये ल्होत्से, २०१४ मध्ये मकालू, २०१६ मध्ये च्यो ओयू आणि धौलागिरी, २०१७ मध्ये मनास्लू, आणि १५ मे २०१९ रोजी कांचनजंगा. त्या दिवशी संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजंगावर पोहोचले आणि दहाही सुखरूप खाली आले. त्याच सुमारास त्याच शिखरावर बंगालच्या दोन अनुभवी गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. १९८८ पासून ३१ वर्षे मोजली, तर या यशामागे किती वर्षांचे शिकणे होते ते कळते. २०२१ मध्ये संस्थेने अन्नपूर्णाही सर केले. त्याच वर्षी साताऱ्याची प्रियांका मोहिते अन्नपूर्णावर गेली, आणि २०२२ मध्ये कांचनजंगा चढून आठ हजार मीटरवरील पाच शिखरे सर करणारी पहिली भारतीय महिला ठरली.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०१८ चे ‘मिशन शौर्य’. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांमधले आदिवासी विद्यार्थी निवडून, त्यांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देऊन एव्हरेस्टवर नेले गेले आणि त्यांतील पाच जण शिखरावर पोहोचले. ती मुले चंद्रपूरच्या उन्हात, सखल रानात वाढलेली. बर्फ त्यांनी प्रशिक्षणातच पाहिला. ‘आमका ती हवा झेपाची नाय’ या वाक्याला याहून चांगले उत्तर नाही.

एकच मोसम

हिमालयातल्या उंच शिखरांची बहुतेक चढाई मे महिन्यात होते. हिवाळाभर जेट प्रवाह म्हणून ओळखले जाणारे पश्चिमेचे प्रचंड वारे शिखरांवरून वाहत असतात. मेच्या उत्तरार्धात ते उत्तरेला सरकतात आणि काही दिवस शिखरे शांत होतात. मग जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस येतो आणि हिमवर्षाव सुरू होतो. या दोन्हींच्या फटीत शिखर गाठायचे. हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोहोचले ती तारीख २९ मे १९५३.

हीच तारीख आपल्या किनाऱ्यावरही ओळखीची आहे. मेअखेर मालवण, देवबाग, आचऱ्याला होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि झापांनी शाकारल्या जातात. १ जूनपासून मासेमारीबंदी सुरू होते. जून उजाडला की मोसमी पाऊस आपल्या किनाऱ्याला लागतो, आणि त्याच सुमारास तो पूर्व हिमालयातही पोहोचतो. म्हणजे कोकणातला मच्छीमार आणि कांचनजंगावरचा गिर्यारोहक एकाच वाऱ्याच्या पंचांगावर चालतात.

परतीची वेळ

या पंचांगातून आपल्या किनाऱ्याने एक शहाणपण घडवले आहे. होडीवरचा तांडेल वारा फिरला, आभाळाचा रंग बदलला की जाळे भरलेले असो वा रिकामे, होडी वळवतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. मासळी उद्याही मिळते.

शिखरावर हेच सर्वांत अवघड ठरते. शेवटच्या छावणीपासून माथ्यापर्यंतची वाट कांचनजंगावर हजार मीटरहून अधिक चढाची आहे. मध्यरात्रीच्या आधी निघालेला माणूस दुपारपर्यंत चालत असतो. आठ हजार मीटरच्या वर शरीर सावरत नाही, नुसते झिजत जाते. सिलिंडरमधला प्राणवायू शरीराला वाटणारी उंची हजारभर मीटरने खाली आणतो, पण सिलिंडर संपतो. म्हणून निघतानाच ठरवतात की अमुक वाजले की जिथे असू तिथून मागे. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर दुपारी दोनची मर्यादा ठाऊक असूनही अनेक जण त्यानंतर वर जात राहिले. संध्याकाळी वादळ आले आणि १०-११ मे या दोन दिवसांत आठ जण मरण पावले.

याउलट ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला, दुपारी एकच्या सुमारास मागे वळला आणि जिवंत परतला. त्याने गाठलेली उंची प्राणवायूशिवाय १९७८ पर्यंत कोणाला ओलांडता आली नाही. चारच दिवसांनी त्याच मोहिमेतील मॅलरी आणि अर्विन वर गेले ते परतले नाहीत.

एव्हरेस्टवरील १९२१ ते २००६ या काळातील मृत्यूंचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ हजार मीटरच्या वर गेल्यानंतर मृत्यू पावलेल्या ९४ जणांपैकी ५३ जण शिखर सर करून उतरताना मरण पावले होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक जणांनी ‘यश’ मिळवले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये अन्नपूर्णावरून उतरताना राजस्थानचा एक गिर्यारोहक हिमभेगेत पडला. तीन दिवसांनी तो जिवंत सापडला, कारण शेर्पा आणि पोलंडचे गिर्यारोहक आपले काम सोडून भेगेत उतरले. असे नशीब क्वचितच मिळते.

आपल्या जिल्ह्यातून हिमालयात जाणाऱ्या तरुणांसाठी मार्ग उघडा आहे. दार्जिलिंगची संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची १९६५ पासून जवळपास चार आठवड्यांचे प्राथमिक शिक्षण देत आहे. तिथे बर्फ, दोर आणि उंची यांची ओळख क्रमाने होते. किनाऱ्यावरच्या मुलांना तिथे कमीपणा वाटायचे कारण नाही. दाब बदलला की शरीराचे काय होते हे त्यांच्या गावातला पाणबुड्या रोज अनुभवतो, आणि वारा बदलला की मागे फिरायचे हे त्यांचे आजोबा जाणत होते.

म्हणून घरातले कोणी लेहला, केदारनाथला किंवा एखाद्या हिमशिखराकडे निघाले, तर किती उंच जाणार हे विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत. किती दिवसांत जाणार? आणि कुठल्या खुणेवर मागे फिरायचे ते ठरवले आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे तयार असतील, तर त्याला निःशंक मनाने निरोप द्यावा.